मांडीवरची शकुंतला

गेल्या उन्हाळ्यात मुलगा पुण्याहून आला, तेव्हा सून आणि दोन्ही लेकरं सोबत होती. नात नऊ वर्षांची, नातू सहाचा. मे महिना आणि दर्यापूरकडचं ऊन. दिवसभर लेकरं घरात कोंडलेली. संध्याकाळी अंगणात पाणी मारून बाजा टाकल्या की मोकळी सुटायची. तिसऱ्या दिवशी वादळ आलं, पावसाचे चार थेंब पडले आणि लाईन गेली. कुठंतरी खांब पडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरातले सगळे मोबाइल बंद पडले.

त्या रात्री आम्ही अंधारात बाजांवर बसलो होतो. नातवाला काही सुचेना. त्यानं दोन्ही हातांनी मांड्या बडवायला सुरुवात केली. थापट-थुपट, थापट-थुपट. मधेच गाल फुगवून त्यावर बोट मारायचा, टॉक! पाचेक मिनिटं झाली असतील. मुलगा म्हणाला, "ए, बंद कर ते! किती वेळा सांगायचं?"

पोरानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.

मुलाची बोली आता पुण्याची झाली आहे. पण तो आवाज पुण्याचा नव्हता. तो माझा होता. "बंद कर ते. किती डाव सांगू तुले?" हे वाक्य याच अंगणात मी त्याला म्हटलं होतं. तेव्हा तो चौथीत होता.

कापूस विकून मी घरी आलो होतो. दोन रात्री रांगेत बंडीखाली झोपून काढलेल्या. वजन घरच्या अंदाजापेक्षा कमी भरलेलं, चुकारा हाती नाही, आणि दारात पाय ठेवायच्या आत उधारीवाला येऊन गेल्याचं कळलं. मुलगा ओसरीत पितळी डबा पालथा घालून वाजवत होता. चांगला वाजवत होता, हे मला आज कळतं. तेव्हा डोक्यात घण पडल्यासारखं वाटलं. मी एकदा सांगितलं. तो तंद्रीत होता, त्याला ऐकू गेलं नाही. मी डबा भिरकावला आणि त्याच्या कानाखाली दिली.

डब्याला पोचा पडला. त्यानंतर तो डबा आमच्या घरी वाजला नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलानं कधी भाग घेतला नाही. लग्नात मित्र नाचायचे, तेव्हा हा बाजूला उभा राहून सगळ्यांच्या चपला सांभाळायचा. एका थापडीनं असं होते का, कोणी म्हणेल. होत नसेलही. पण त्या थापडीच्या आधी आणि नंतर 'गप बस' मी किती वेळा म्हटलं, त्याचा हिशेब माझ्यापाशी नाही.

आणि मी काही मुक्या घरात वाढलो नव्हतो.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या दोन्ही अंगांची काळी, खोल जमीन. पण खालचं पाणी खारं. ते पाणी पिकाला चालत नाही, म्हणून विहिरीवर मोट नाही, आणि मोट नाही म्हणून मोटेवरची गाणीही नाहीत. पण बाकी सगळं होतं. मला पहिलं संगीत शिकवलं ते बैलानं. बैल पाण्यावर नेला की शीळ घालावी लागते. हळू, लांब, एका सुरात. शीळ चालू तोवर बैल पाणी पितो. शीळ थांबली की तोंड वर करून पाहतो. मी सहा-सात वर्षांचा होतो. ओठ दुखायचे, पण बैलाचं पोट भरेपर्यंत थांबायची सोय नव्हती. श्वास कुठं घ्यायचा आणि किती पुरवायचा, हे तिथं कळलं.

माय पहाटे जातं ओढायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. जात्याची घरघर कानापेक्षा गालाला जास्त कळायची. जातं जड गेलं की ओवी लांबायची, दाणे सरत आले की तोंडात पटपट यायची. माय गात होती असं कोणी म्हटलं असतं तर तिलाच नवल वाटलं असतं. ती दळत होती. पुढं मी वाचलं की हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी खेड्यापाड्यांत फिरून अशा एक लाखावर ओव्या गोळा करवल्या. वाचलं आणि पहिल्यांदा मनात आलं, आपल्या मायच्या ओव्यांपैकी आपल्याला चारसुद्धा पुऱ्या येत नाहीत.

बाप खंजिरी वाजवायचा. आमच्या जिल्ह्यात खंजिरी म्हटली की तुकडोजी महाराज. यावलीला 1909 साली जन्मलेला हा माणूस खंजिरी घेऊन देशभर फिरला, जपानपर्यंत जाऊन आला. मोझरीच्या गुरुकुंजात बापानं त्यांचं भजन ऐकलं होतं आणि तेव्हापासून आमच्या घरी खंजिरी आली. पण पावसाळ्यात खंजिरीचं कातडं सैल पडतं. मग ती जाळावर शेकावी लागायची. झडीत लाकडं ओली, जाळ पेटत नसे. अशा दिवशी बाप खंजिरी खुंटीला टांगून छातीवर आणि मांडीवर ठेका धरायचा. म्हणायचा, "हे कातडं कवा सैल पडत नाही."

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसायची. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी. गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन टाळ्या आणि टिपऱ्यांवर गाणी म्हणायच्या. शेवटी खिरापत ओळखायची. डबा बंद. घरची बाई तो कानाशी हलवून वाजवायची आणि पोरी सांगायच्या, शेंगदाणे हाय, फुटाणे हाय, खोबरं हाय. आम्हा पोट्ट्यांना त्या गाण्यांत जागा नव्हती. पण डबा वाजला की दारातून आम्हीच आधी ओरडायचो. लाडू असला की डबा धप्पकन वाजतो, फुटाणे असले की सरसरतो. कानाची अशी परीक्षा मी पुढं कुठल्याच शाळेत दिली नाही.

गाडगेबाबाही याच भागातले. जन्म 1876 सालचा, शेंडगावचा. लहानपण मूर्तिजापूर तालुक्यात मामाकडं गेलं. त्यांच्या कीर्तनात समोरच्या माणसांनाच बोलावं लागे, टाळ्या वाजवाव्या लागत. ऐकणारा आणि वाजवणारा वेगळा नसायचा. माझ्या लहानपणी गावात सगळं तसंच होतं. पोळ्याला झडत्या म्हणणारा एक आणि शेवटचा गजर अख्ख्या गावाचा.

इतकं सगळं पाहिलेल्या माणसानं आपल्या लेकराचा डबा फेकला. मायचं जातं गेलं, पिठाची गिरणी आली. खंजिरी बापासोबत गेली. रेडिओ आला, टीव्ही आला. गाणं ही ऐकायची गोष्ट झाली आणि घरातला आवाज हा त्रास झाला. हे कधी झालं ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

तर त्या रात्री नातवाचे हात मांड्यांखाली दबलेले पाहिले आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "हात काहाड बापू बाहेर. तुले शकुंतला मालूम हाय का?"

"कोण शकुंतला?"

त्याची आजी अंधारात हसली. म्हणाली, "याहीची जुनी वयखीची हाय."

शकुंतला म्हणजे आमची लहान रुळांची गाडी. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला. अचलपूरपर्यंतचे 76 किलोमीटर जायला तिला चार तास लागायचे. 1994 पर्यंत कोळशाचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. आता ती बंद आहे. रुळांवर गवत वाढलं आहे. पण वावरात काम करणाऱ्या माणसाला घड्याळ कशाला, शकुंतला होती. तिचा आवाज माझ्या अंगात आहे.

मी नातवाला म्हटलं, "तू चाकं. मांडीवर हात मार. पण आधी हळू, गाडी जड असते." नातीला म्हटलं, "तू इंजिन. तोंडानं वाफ सोड, भक्... भक्..." आजीनं टाळी धरली. डबे एकमेकांना धडकतात ती टाळी. मी शिट्टी. दोन बोटं तोंडात घालून मारली तर गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. शेजारची तीन पोट्टी कुंपणावरून उड्या मारून आली. त्यांना स्टेशनं वाटून दिली: मूर्तिजापूर, लाखपुरी, दर्यापूर.

गाडी सुटली आणि लगेच घसरली. नातू एकदम जोरात मारायला लागला, इंजिन मागं राहिलं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा मी सांगितलं, "आपल्या हाताचा आवाज आयकू नको, ताईच्या वाफेचा आयक." मग गाडी लागली. हळूहळू वेग धरला. लाखपुरीच्या पुढं पूर्णेचा पूल येतो. तिथं आवाज बदलतो, खालून पोकळ येतो. तो काढायचा कसा? छातीवर थापा मारून पाहिल्या, तळहाताची ओंजळ करून टाळ्या वाजवून पाहिल्या. बऱ्यापैकी जमलं, पण पूल काही बरोबर होईना. नातू म्हणाला, "आबा, परत!" त्या रात्री शकुंतला सात वेळा अचलपूरला गेली.

मुलगा बाजेवर पडून होता. तो काही बोलला नाही. निदान 'बंद कर' म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी लाईन आली, पण संध्याकाळी लेकरांनीच अंगणातला दिवा बंद करायला लावला. त्या रात्री आम्ही पाऊस पाडला. आधी तळहातावर तळहात नुसता घासायचा, तो वारा. मग एका बोटानं तळहातावर टिचकी, ते थेंब. मग दोन बोटं, मग चार, मग मांडीवर दोन्ही हात, मग पाय. आठ-दहा जणांनी एकेक करत सुरुवात केली की खरोखर झड लागल्यासारखं वाटतं. थांबवतानाही तसंच, उलट्या क्रमानं. नातीनं विचारलं, "आबा, आता थांबवायचा?" मी म्हटलं, "राहू दे थोडा. आपल्याकडं वरचंच पाणी, पेरणी व्हायची हाय." पण शेजारच्या पोट्ट्यानं आधीच हात थांबवले होते आणि पाहून बाकीचेही थांबले. मग कोणीतरी पुन्हा सुरू केला. आजी म्हणाली, "झालं! दुबार पेरणी."

सगळे हसलो. पण शेतकऱ्याच्या घरातलं लेकरू पाऊस कसा थांबतो हे हातांनी शिकलं, हेही काही कमी नाही.

पंधरा दिवसांत असं बरंच काही झालं. मला गाता येत नाही. आवाज फाटका आहे आणि वरच्या सुरात तो दोन वाटांनी जातो. सुरुवातीला लाज वाटली. मग ध्यानात आलं की लेकरांना ते कळतच नाही. त्यांना एवढंच कळतं की आबा गातो आहे की नुसता पाहतो आहे. मोठा माणूस नुसता पाहत बसला तर लेकरू त्याला दाखवण्यासाठी करतं आणि लवकर थकतं. तो सोबत बसला तर लेकरू विसरून जातं.

दुसरं कळलं ते चुका काढण्याबद्दल. नातीचा ठेका चुकला की मी "अशी नाही, अशी" म्हणायचो. दोन वेळा म्हटल्यावर तिनं हात आवरते घेतले. तिसऱ्या वेळी मी काही न बोलता माझाच ठेका थोडा जोरात धरला. ती आपोआप त्यावर आली. वखराला नवा गोऱ्हा जुंपतो तेव्हा त्याला शिकवत नाही, जुन्या बैलाच्या जोडीला देतो. तसंच आहे हे.

बापाकडून ऐकलेला केरवा मला येत होता. आठ मात्रांचा: धा गे ना ती, ना क धी ना. तबला शिकणारे आधी हे बोल तोंडानं म्हणतात आणि हातानं टाळी-खाली दाखवतात. तबल्याला हात नंतर. आम्ही तबल्यापर्यंत गेलोच नाही. 'धा'ला मांडी, 'ती'ला टिचकी, 'धी'ला छाती. मग त्यावर घरातल्यांची नावं बसवली, मग भाज्यांची, मग बैलांची. नातवाच्या तोंडी तो ठेका असा बसला की न्हाणीघरातूनही तोच ऐकू यायचा.

एका दुपारी आंब्याच्या रसाची ताटं समोर होती. आजीनं जात्याची चाल धरली आणि लेकरांना म्हणाली, लावा तुमचंच काही. नातीनं लावलं:

आंबा पिकला पाडाला, रस सांडला ताटात
आजी म्हणते बापू रे, माशी बसली काठात

ओवी काही थोर नाही. पण ती त्या ताटावरची होती. माझ्या मायच्या ओव्याही तिच्या सुपातल्या, तिच्या माहेरच्या, तिच्या दुखण्याच्याच होत्या.

सून शाळेत शिकवते. ती म्हणाली, "बाबा, हे तर आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं." जर्मनीत कार्ल ऑर्फ नावाचा संगीतकार होता; तो मुलांना टाळी, चुटकी, मांडी आणि पाय यांवरून संगीत शिकवायचा. हंगेरीत झोल्तान कोदाय होता. तो म्हणायचा, मुलाचं शिक्षण गळ्यापासून आणि त्याच्या स्वतःच्या भाषेतल्या लोकगीतांपासून सुरू व्हावं. मी म्हटलं, "पोरी, एवढे मोठे माणसं म्हणतात तर खरंच असंल." मला बरं वाटलं. आणि थोडं वाईटही वाटलं. जे आमच्या मायच्या मांडीवर फुकट मिळत होतं, ते आम्ही टाकून दिलं, आणि आता ते शाळेच्या प्रशिक्षणातून आमच्या अंगणात परत आलं.

जायच्या आदल्या रात्री लेकरांनी शेवटची शकुंतला सोडली. गल्लीतली बारा-तेरा पोट्टी होती. गाडी चांगली लागली. मूर्तिजापूर गेलं, लाखपुरी गेलं. पूल जवळ आला. आमचा पूल रोज फसायचा, तसाच आजही फसणार म्हणून मी ओंजळ करून तयारच होतो. तेवढ्यात मागून आवाज आला. खोल, पोकळ, एकसारखा. धडम्-धम्, धडम्-धम्. पाण्यावरून लोखंड जातं तसा.

मुलगा ओसरीच्या पायरीवर बसला होता. मांडीत पितळी डबा पालथा. माळ्यावरून त्यानं कधी काढला कोण जाणे. पोचा त्याच्या बाजूनं होता, आणि त्या पोच्यावरच तो डाव्या हातानं दाबून खर्ज काढत होता.

नातू हात थांबवून बापाकडं पाहत राहिला. मी म्हटलं, "चाकं थांबवू नको, गाडी पुलावर हाय." पूर्णा ओलांडून आम्ही दर्यापूरला आलो.

सकाळी मुलगा माझ्यासोबत वावरात आला. वावर नांगरून पडलं होतं. धुऱ्यानं चालता चालता मी म्हटलं, "बापू, तो डबा... चौथीत होता तू. आठोते का?"

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, त्या दिवशी कापसाचं वजन कमी भरलं होतं."

एवढं लेकराला ठाऊक होतं. आम्ही समजत होतो की तो डबा वाजवतो आहे, त्याला काय कळतं. त्यानं घरातली चिंता ओळखली होती आणि माझी थापड त्या हिशेबात धरली होती. एवढी वर्षं तो माझ्या वतीनं कारण सांभाळून होता.

मी म्हटलं, "वजन कमी भरलं, ते खरं. पण माह्यं चुकलं."

तो म्हणाला, "चला, ऊन चढते." खूप दिवसांनी तो वऱ्हाडी बोलला.

आता लेकरं पुण्याला आहेत. तिकडं फ्लॅट. वर-खाली, आजूबाजूला माणसं. पाय आपटता येत नाहीत, खालचे येऊन सांगतात. पण मांडी, छाती, टिचकी याला कोणाची हरकत नसते. रविवारी फोन येतो. मी इकडून शिट्टी मारतो, ते तिकडून गाडी सोडतात. फोनवर आवाज मागं-पुढं येतो, ठेका काही जमत नाही. त्यांची शकुंतला वेगळी सुटते, माझी वेगळी. लाखपुरीपर्यंत तर पार गोंधळ असतो.

मी फोन कानाला घट्ट लावून पुलाची वाट पाहतो. डबा जाताना सोबत नेला त्यानं.